सोळा रंगांची खिडकी

गोव्याच्या हवेत जुनी वस्तू जपून ठेवण्याची हौस फार काळ टिकत नाही. मृगापासून चवथीपर्यंत कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते, लोखंडी ट्रंकांना गंज चढतो, आणि फ्लॉपीच्या चकतीवर एकदा पांढरे ठिपके उमटले की ती वाचणाऱ्या यंत्राचे डोकेही तिच्याबरोबर जाते. 1998 सालचा चालू स्थितीतला संगणक आज आमच्या फोंड्यात शोधायला निघालेल्या माणसाला बहुधा पिवळट पडलेली कॅबिनेट आणि आतले फुगलेले कपॅसिटर एवढेच सापडेल. तरीही माझ्या घरी विंडोज 98 अधूनमधून सुरू होते, आणि तेही नव्या लॅपटॉपच्या पडद्यावर, ब्राउझर आणि ईमेलच्या खिडक्यांच्या शेजारी, 640 बाय 480 ठिपक्यांच्या आणि 16 रंगांच्या एका लहानशा चौकोनात.

हे घडवून आणणाऱ्या सॉफ्टवेअरला व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र, म्हणतात. माझ्याकडे व्हर्च्युअलबॉक्स आहे. त्याच्या कामाची मला सर्वांत आवडणारी बाजू म्हणजे त्याचा सावध नम्रपणा. आपण कोणत्या ताकदवान यंत्रावर बसलो आहोत हे ते आतल्या प्रणालीला कळूच देत नाही. विंडोज 98 इकडेतिकडे चौकशी करू लागले की त्याला इंटेलचा 1996 सालचा पीआयआयएक्स 3 चिपसेट (यंत्राचे भाग जोडणाऱ्या चिपांचा संच) दाखवला जातो, एएमडीचे जुन्या पिढीतले नेटवर्क कार्ड दाखवले जाते, आणि मागितल्यास साउंड ब्लास्टर 16 हे 1992 सालचे ध्वनिकार्डही समोर केले जाते. यातली एकही वस्तू माझ्या लॅपटॉपमध्ये नाही. लॅपटॉपमध्ये जे आहे ते या प्रणालीला ओळखताच आले नसते, म्हणून नव्या यंत्राने स्वतःला मुद्दाम लहान, मंद आणि जुने करून घेतलेले असते.

नव्या यंत्राने जुन्याचे सोंग घ्यावे ही गरज वाटते तितकी अलीकडची नाही. आयबीएमने 1964 साली सिस्टिम/360 ही संगणकांची मालिका जाहीर केली, तेव्हा त्यांच्याच 1401 या यंत्रावर वर्षानुवर्षे चाललेले प्रोग्राम टाकून द्यायला गिऱ्हाईक तयार नव्हते, आणि म्हणून काही नव्या यंत्रांत 1401 ची नक्कल करण्याची सोय द्यावी लागली. पुढे 1972 साली आयबीएमनेच व्हीएम/370 हे सॉफ्टवेअर बाजारात आणले, ज्यात एका मोठ्या यंत्राच्या पोटात प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र मिळाल्यासारखे वाटे. आभासी यंत्र नेमके कशाला म्हणावे याच्या अटी पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी 1974 साली लिहून ठेवल्या, आणि आपल्या टेबलांवर पुढे आलेले एक्स 86 जातीचे प्रोसेसर त्या अटींत बसत नव्हते. व्हीएमवेअरने 1999 साली बरीच कसरत करून ते जमवले, आणि 2005 पासून इंटेलने ती सोय थेट प्रोसेसरमध्येच दिली. मायक्रोसॉफ्टनेही विंडोज 7 च्या वरच्या आवृत्त्यांबरोबर एक्सपी मोड या नावाने आख्खे विंडोज एक्सपी आभासी यंत्रात घालून दिले होते, म्हणजे ज्यांनी जुने बंद केले त्यांनाच ते पुन्हा बांधून द्यावे लागले.

पुष्कळ लोक हे जुने खेळ खेळण्यासाठी करतात, आणि त्यात वावगे काही नाही. माझे कारण मात्र मराठी आहे. पूर्वी मी फोंड्यातल्या एका छापखान्यात डीटीपीचे, म्हणजे संगणकावर पाने लावण्याचे, काम करत असे. देवस्थानांच्या उत्सवपत्रिका, जत्रेच्या रात्री होणाऱ्या नाटकांची हस्तपत्रके, भजनी मंडळांच्या स्मरणिका आणि गावातल्या हौशी नाटककारांच्या संहिता असे सगळे आम्ही पेजमेकर या पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लावत असू. त्या काळी विंडोजला देवनागरी येत नव्हती. सर्व लिप्यांच्या अक्षरांना एकसारखे क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून होती, पण विंडोजमध्ये ती नीट जुळवून दाखवण्याची सोय विंडोज 2000 पासून आली. तोवर प्रत्येक कंपनीने आपापला मार्ग काढलेला होता. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या 256 घरांमध्ये कोणी काना ठेवला, कोणी अर्धा ‘त’ ठेवला, कोणी रफार ठेवला, आणि एका कंपनीची मांडणी दुसरीशी जुळेल अशी अपेक्षाच कोणी केली नाही. त्यामुळे त्या फाईलमध्ये संगणकाच्या दृष्टीने मराठी मजकूर नाहीच. तिथे आहेत रोमन लिपीतली आणि युरोपीय उच्चारचिन्हांची विचित्र अक्षरे, ज्यांच्यावर तो ठरावीक फॉन्ट बसला की डोळ्यांना मराठी दिसते. फॉन्ट नसला की पान वाचता येत नाही, आणि मग छापखान्यातली माणसे ‘फॉन्ट उडाले’ म्हणत कपाळाला हात लावतात.

अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे कन्व्हर्टर मिळतात, आणि ते बरेच काम करतात, हे मान्य करायला हवे. परंतु रफार दोन अक्षरे पलीकडे उडी मारतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच व्यंजनाला चिकटते, आणि जोडाक्षरांत तर कन्व्हर्टरची नुसती तारांबळ उडते. जुन्या नाट्यगीतातला एखादा अपरिचित शब्द असा बिघडला की मूळ पान पाहिल्याखेरीज तो दुरुस्त करता येत नाही. म्हणून एका बाजूला विंडोज 98 च्या खिडकीत पेजमेकरचे मूळ पान आणि दुसऱ्या बाजूला युनिकोडमधले रूपांतर असे ठेवून मी ओळीमागून ओळ प्रूफ तपासतो. छापील प्रत असती तर तिच्यावरून तपासले असते, पण छापील प्रतींचे आमच्या हवेत काय होते ते सुरुवातीला सांगितलेच आहे.

या कामाच्या निमित्ताने जुन्या प्रणालींच्या स्वभावाशी जी ओळख झाली ती मला त्या कामाहूनही मनोरंजक वाटते. एएमडीच्या के6-2 या प्रोसेसरचा वेग 350 मेगाहर्ट्झवर पोचला तेव्हा विंडोज 95 त्यावर सुरू होतानाच कोलमडू लागले होते. त्यातला एक भाग ठरावीक संख्येची फेरी मारून तिला किती वेळ लागला ते मोजत असे आणि त्या वेळाने भागाकार करत असे. यंत्र इतके वेगवान झाले की मोजलेला वेळ शून्य आला, आणि शून्याने भागायला कोणतीच प्रणाली तयार नसते. विंडोज 98 मध्येही एक चूक अशीच दडून बसलेली होती. मेमरीतल्या पत्त्यांची जी तात्पुरती यादी प्रोसेसर जवळ बाळगतो ती वेळेवर पुसायची असते, आणि विंडोज ते नीट करत नसे. तरीही त्या काळचे प्रोसेसर हा हलगर्जीपणा सांभाळून घेत. अलीकडच्या काही प्रोसेसरांवर आभासी यंत्रात मात्र हीच चूक उघडी पडते आणि विंडोज 98 धडाधड बंद पडू लागते. पॅचर9एक्स नावाच्या एका मोफत साधनाने ती दुरुस्त करता येते. वीसेक वर्षे कोणाच्या ध्यानात न आलेला दोष ती प्रणाली बाजारातून गेल्यावर कोणीतरी स्वतःच्या हौसेने दुरुस्त करतो, हे मला मोठे लोभस वाटते.

तिसरा किस्सा वेळेचाच आहे. विंडोज 95 सलग 49.7 दिवस चालू राहिले तर गोठते, कारण ते मिलिसेकंद ज्या 32 बिटांच्या आकड्यात मोजते तो तेवढ्या अवधीत भरून पुन्हा शून्यावर येतो. ही गोष्ट 1999 साली उघडकीस आली, म्हणजे प्रणाली बाजारात येऊन तीन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. पावसाळ्यात आमच्याकडे वीज ज्या सातत्याने जाते ते पाहता अंत्रुज महालात, म्हणजे आमच्या फोंडा तालुक्यात, हा दोष कोणाला सापडण्याची काडीचीही शक्यता नव्हती.

खर्चाची बाजूही सांगितली पाहिजे. डॉस आणि विंडोज 95 यांना काम नसताना स्वस्थ बसणे ठाऊक नाही. आजची प्रणाली रिकामी असली की प्रोसेसरला थांबण्याची सूचना देते, पण या दोघी कळ दाबली जाण्याची वाट पाहतानाही पूर्ण वेगाने गोल फिरत राहतात, आणि त्यामुळे लॅपटॉपचा पंखा मे महिन्याच्या दुपारी असा भणभणतो की घरातल्यांना मी काही मोठे काम करत आहे असे वाटते. मी तो गैरसमज दूर करत नाही.

विंडोज 98 ला मी नेटवर्क जोडत नाही, कारण सुरक्षेची दुरुस्ती मिळणे बंद झाल्यालाही आता बराच काळ लोटला आहे. व्हर्च्युअलबॉक्सने नव्या प्रणालींना दिलेली सामायिक फोल्डरची सोय या जुन्या पाहुण्याला नाही, तेव्हा फाईल आत नेताना तिची आधी आभासी सीडी बनवावी लागते, आणि बाहेर आणताना आभासी फ्लॉपी. खऱ्या फ्लॉपीला जी 1.44 मेगाबाइटची मर्यादा होती तीच माझ्या या नसलेल्या फ्लॉपीलाही आहे.

अडचण एकच उरते, ती टंकलेखनाची. जुने मराठी सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टला लावलेल्या लॉकशिवाय, म्हणजे प्रत विकत घेतलेली आहे याची खूण पटवणाऱ्या छोट्या उपकरणाशिवाय, चालत नसे, आणि माझ्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही. माझ्याकडचे फॉन्ट लॉकशिवायही दिसतात, त्यामुळे वाचता सगळे येते, लिहिता मात्र येत नाही. जवळच्या एका देवस्थानचे महाजन दरवर्षी मला सांगतात, “भाई, पत्रिका तीच ठेवा, फक्त तिथी आणि नाटकाचे नाव बदला.” मग खिळ्यांच्या छापखान्यात जुळारी जसा केसमधून एकेक खिळा उचलत असे, तसा मी मागच्या वर्षांच्या पत्रिकांतून ‘शु’ उचलतो, ‘द्ध’ उचलतो, आणि नव्या नाटकाचे नाव जुन्या नाटकांच्या नावांतून उभे करतो. पान लागले की ते पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेतल्या फाईलमध्ये छापायचे, फ्लॉपीवरून बाहेर आणायचे, आणि घोस्टस्क्रिप्ट या साधनाने त्याची पीडीएफ करायची. फाईल 1.44 मेगाबाइटांत बसली नाही तर माथ्यावरच्या देवळाच्या चित्राची प्रत थोडी कमी करावी लागते. ते चित्र वर्षागणिक किंचित अस्पष्ट होत चालले आहे, पण पालखी, पावणी (देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव) आणि नाट्यप्रयोग यांच्या वेळा ठळक असल्यामुळे महाजनांनी अद्याप त्याबद्दल काही विचारलेले नाही.