तीन नंबरची गाडी आणि मोरचूद

"दादा, तीन नंबर परत वडाखाली बसली."

एवढंच बोलून ड्रायव्हरने फोन ठेवला. पुढचं मला पाठ होतं. रिसेप्शनकडून वरच्या खोल्यांकडे जाणारा जांभ्याचा रस्ता वडाजवळ वळतो आणि तिथूनच खडा चढ लागतो. गाडीत चार माणसं नि बॅगा असल्या की तीन नंबर तिथे थांबते. पाहुणे वैतागून उतरतात, चालत वर जातात. पाच मिनिटांनी चावी फिरवली की हीच गाडी गुमान चढ चढते. मी पोचेपर्यंत ती वर उभी असते आणि मी मूर्ख ठरतो.

माझं मूळ काम गाड्यांच्या वायरिंगचं. बावीस वर्षं हायवेला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. ट्रक, जीप, सहा आसनी, जे येईल ते केलं. हायवे रुंद झाला, दुकान गेलं, आणि आता दोन वर्षं गुहागरच्या बाजूला एका रिसॉर्टमध्ये पाच बॅटरीच्या गाड्या सांभाळतो. साहेब त्यांना गोल्फ कार्ट म्हणतात. गोल्फ मी टीव्हीवर पाहिलाय, तोही चॅनेल बदलताना. पण एक मजेशीर गोष्ट कळली. ई-झी-गो आणि क्लब कार या अशा गाड्या बनवणाऱ्या दोन मोठ्या अमेरिकी कंपन्या, आणि दोघींचं बिऱ्हाड जॉर्जियात ऑगस्टाच्या आसपास. त्याच ऑगस्टात गोल्फची मास्टर्स स्पर्धा भरते, आणि तिथे खेळाडू पायी चालतात! आमच्या गाड्या त्या मेकच्या नाहीत, पण सीटखालचा कारभार तोच.

सीट उचलली की ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, मिळून ४८ व्होल्ट. पहिल्याच आठवड्यात मी इथे सपशेल आपटलो. बावीस वर्षांची सवय: मीटरची काळी तार चासीला टेकवायची आणि लाल तारेने शोध घ्यायचा. कारमध्ये बॉडी म्हणजेच मायनस. इथे मीटर कधी तीन व्होल्ट दाखवी, कधी सात, कधी नुसताच नाचे. मेन केबल तुटलीय असं समजून मी अर्धा दिवस गाडीखाली पालथा पडून होतो. मग ध्यानात आलं की या गाडीत ४८ व्होल्टचा मायनस बॉडीला जोडलेलाच नसतो. काळी तार थेट बॅटरीच्या मायनसवरच ठेवायची. कारवाल्या कुणाला हे काम करायचं असेल तर त्याने आधी हे डोक्यात पक्कं करावं, नाहीतर प्रत्येक रीडिंग खोटं.

दुसरी गोष्ट म्हणजे 'टक'. पॅडल दाबलं की सॉलेनॉइडचा, म्हणजे जाड करंट जोडणाऱ्या विजेवरच्या स्विचचा आवाज येतो, तो. या गाडीत दोन संसार असतात. बारीक तारांचा एक: चावी, पुढे-मागेचा स्विच, पॅडलखालचा मायक्रो स्विच, तिथून सॉलेनॉइडची कॉइल. जाड केबलांचा दुसरा: बॅटऱ्या, सॉलेनॉइडचे मोठे बोल्ट, मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा कंट्रोलर, मोटर. टक ऐकू येत नसेल तर बहुतेक वेळा बारीक तारांत हात घालायचा. टक होऊनही गाडी हलत नसेल तर पुढे शोधायचं. आमच्याकडे बारीक तारांचे शत्रू दोन, उंदीर आणि मुंग्या. एक नंबरच्या मायक्रो स्विचमध्ये मुंग्यांनी अंडी घातली होती. फुंकर मारली, गाडी सुरू. मॅनेजरसाहेबांना वाटलं मी मंत्र टाकला.

तीन नंबरला मात्र टक व्यवस्थित होतं. सपाटीवर ती पळतही होती. शेडमध्ये चार्जिंग उतरवून तासाभराने मोजलं तर ५०.८ व्होल्ट, म्हणजे भरलेल्या बॅटऱ्यांना जितके हवेत तितके. हायड्रोमीटरने सगळ्या सेलमधल्या ॲसिडची घनता बघितली, १.२६५ ते १.२७५. तक्रारीला जागा नाही. मेंटेनन्सच्या एजन्सीचा माणूस आला, लॅपटॉप न उघडताच म्हणाला, कंट्रोलर गेला. नवा कंट्रोलर म्हणजे तीसेक हजारांची बात. साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, दोन दिवस द्या.

उभ्या गाडीचं व्होल्टेज बघून निदान करणं म्हणजे पेशंटला खाटेवर झोपवून त्याचा दम मोजणं. हा आजार चढावरचा, तर मीटरही चढावरच लावायला हवा. लांब तारांना मगरचिमटे लावले, तारा सीटखालून बाहेर काढल्या आणि मीटर मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसलो. वजनाला किचनमधली चार पोरं मागे बसवली. त्यांची चंगळ झाली, माझी सर्कस.

पहिल्या फेरीत पूर्ण पॅक मोजला. वडाच्या वळणावर ५० वरून घसरत घसरत ४१.३. तिथेच गाडी बसली. कंट्रोलरची खालची मर्यादा ४२ ला लावलेली, म्हणजे बिचारा कंट्रोलर आपलं काम इमानाने करत होता आणि त्यालाच आपण फाशी द्यायला निघालो होतो. मग एकेक बॅटरी. सहा बॅटऱ्या, सहा फेऱ्या, मध्ये गाडी निवायला वेळ. प्रत्येक बॅटरी त्याच वळणावर साडेसातच्या आसपास. एकही लंगडी नाही. रात्री हिशेब मांडला, सहा मिळून ४४.९. पण पॅक तर ४१.३ दाखवत होता. मधले ३.६ व्होल्ट कुठे गेले?

बॅटऱ्यांच्या मध्ये केबलींशिवाय आहेच काय? पाच जोडकेबली, हातभर लांबीच्या.

या केबली मी आधीच तपासल्या होत्या, हेच तर दुखणं. मीटर बीपवर ठेवून दोन्ही टोकांना लावला होता, पाचही वेळा छान बीप आला होता. पण बीपला काय, केबलीतली एक तार शाबूत असली तरी तो वाजतो. मीटरमधून नखभर करंट जातो, चढावर तिथून दीडशे अँपियर जातात. वाट बुजलीय की नाही हे एकट्या मुंगीला विचारण्यात अर्थ नाही, बैलगाडी घालून बघावी लागते.

म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पोरं बसवली. या वेळी मीटरच्या दोन्ही तारा एकाच केबलच्या दोन टोकांना. केबल धडधाकट असेल तर लोडवरही तिच्या दोन टोकांत जेमतेम ०.०५ व्होल्टचा फरक दिसायला हवा. पहिली ठीक, दुसरी ठीक, तिसरी थोडी जास्त. चौथी, म्हणजे चार नि पाच नंबरच्या बॅटरीमधली, ३.४! गाडी थांबवून हात लावला आणि चटकन मागे घेतला. ३.४ गुणिले दीडशे, पाचशे वॅटच्या वर उष्णता. लग, म्हणजे केबलच्या टोकाचा तांब्याचा कान, तापतो, तापला की जोड आणखी सुटतो, व्होल्टेज आणखी पडतं, गाडी बसते. पाच मिनिटांत थंड झाला की सगळं आलबेल. वडाखालच्या भुताचा उलगडा झाला. किचनमधल्या एकाचा भुतावर खराच विश्वास होता, तो थोडा हिरमुसला.

पुढचं काम करताना हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. माझ्या डाव्या मनगटावर एक जुना डाग आहे, पाना दोन टर्मिनलांत आडवा पडला त्याचा. तेव्हापासून पान्याचं फक्त तोंड उघडं ठेवतो, बाकी सगळा टेपने गुंडाळलेला. आणि सीटखाली 'टो' नि 'रन' लिहिलेला स्विच असेल तर बॅटरी सोडण्याआधी तो टोवर घ्यायचा.

केबल सोडवली. वरून निर्दोष, काळी स्लीव्ह जागच्या जागी. ब्लेडने स्लीव्ह चिरली. आत लगाच्या मानेशी तांब्याच्या तारा दिसायला हव्या होत्या, तिथे निळा-हिरवा भुगा. बोटाने दाबला तर तारा बिस्किटासारख्या मोडल्या. शंभरावर तारांपैकी वीसेक धरून होत्या. तो रंग बघितला आणि मला आमची सुपारीची बाग आठवली. तो मोरचूदच होता, बागेत फवारतात ते तांब्याचं सल्फेट. बॅटरीतलं ॲसिड म्हणजे गंधकाचं तेजाब, ते तांब्याला लागलं की दुसरं काय होणार?

भुगा पुडीत बांधून घरी नेला. बाबांनी चाळीस वर्षं सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारलंय: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. त्यांनी काही न बोलता भुगा वाटीभर पाण्यात विरघळवला आणि जुना विळा साफ पुसून त्यात बुडवला. बोर्डोत चुना कमी पडला की लोखंडावर तांबं चढतं, म्हणून जुनी माणसं असंच बघतात. थोड्या वेळाने विळ्याच्या पात्यावर तांबूस सर आली. "मोरचूदच," बाबा म्हणाले. "गाडी विकतोस की फवारतोस?"

ॲसिड तिथे पोचलं कसं, हे विचारायला फार लांब जावं लागलं नाही. शेडमधला पोरगा रोज संध्याकाळी काठोकाठ डिस्टिल वॉटर भरायचा आणि मग गाडी चार्जिंगला लावायचा. कामसू पोरगा, पण क्रम उलटा. चार्ज होताना पाणी फुगतं, बुडबुडे येतात आणि ॲसिड झाकणातून वर येतं. मग ते टर्मिनलवरून लगात आणि लगातून तारांच्या पोटात वातीसारखं चढतं. पाणी चार्जिंग झाल्यावर घालायचं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी बुडण्यापुरतं. बॅटरीची पाठही ओली होती. मीटरची एक तार प्लसवर ठेवून दुसरी नुसती प्लास्टिकवरून फिरवली तर दोन व्होल्ट! खाण्याचा सोडा पाण्यात कालवून वर ओतला, फसफस थांबेपर्यंत, मग साधं पाणी. झाकणं घट्ट लावून, सोडा आत जाऊ न देता.

चिपळूणहून २५ चौरस मिलिमीटरची वेल्डिंग केबल आणली, कलई केलेले तांब्याचे लग आणि आतून गोंद असलेली स्लीव्ह. लग हातोडी-छिन्नीने ठोकू नका. मीही दुकानात ठोकायचो, कबूल करतो. इथे लग केबलवर दाबून बसवणारा हायड्रॉलिक क्रिम्पर भाड्याने आणला. पाचही केबली बदलल्या. चौथी मेली म्हणजे तिसरी आजारी होतीच. नट आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. आधी लावून आवळायचं नाही, आणि पोस्ट शिशाचे असल्याने जीव खाऊन आवळायचंही नाही.

त्याच उघड्या सीटखाली आणखी एक प्रताप सापडला. गाण्याची सिस्टीम आणि हेडलाइट कुणीतरी पहिल्या दोन बॅटऱ्यांवरून घेतलेले. दोन मिळून १६ व्होल्ट. तरीच बल्ब महिन्याला उडायचे. वर त्या दोन बॅटऱ्या बाकी चौघींपेक्षा जास्त राबायच्या. ४८ वरून १२ करणारा कन्व्हर्टर बसवला, पूर्ण पॅकवरून, स्वतःच्या फ्यूजसकट.

पुन्हा पोरं बसवली. वडाचं वळण, मीटर ४५.१. गाडी न अडखळता वर. चौथी केबल हाताला कोमटसुद्धा नाही. सगळा खर्च भाड्यासकट साडेतीन हजारांच्या आत. एजन्सीच्या माणसाला साहेबांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण कंट्रोलरचं कोटेशन अजून टेबलावर काचेखाली आहे.

काल चार नंबरची सीट उचलली. दोन स्लीव्ह चिरल्या, दोन्हींत निळं. पाऊस लागायच्या आत चारही गाड्या उरकायच्यात, केबल सहा मीटर कमी पडतेय, आणि बाबा रोज विचारतात, आज किती निघाला?