उशिरा उठणाऱ्यांचं रान

थंडीच्या सुट्टीत चार माणसं एकत्र जमली की त्यातला एक जण आदल्या रात्री हमखास फर्मान काढतो, "पाखरं बघायचीत ना? मग पहाटे पाचला निघायचं!" उन्हाळ्यात त्याचं ऐकावं. हिवाळ्यात मात्र खुशाल कूस बदलून झोपावं, असं माझं मत आहे. कारण थंडीत रानातली निम्मी मंडळी स्वतःच आठच्या आधी उठत नाहीत.

फुलपाखराचंच घ्या. त्याला ऊब मिळते ती मुख्यतः उन्हातून. उडायचे स्नायू साधारण ३० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय त्याला धड उडता येत नाही. म्हणून कोवळं ऊन पडलं की ते पानावर पंख सपाट पसरून बसतं. गवतातली छोटी पिवळी फुलपाखरं पंख मिटूनच ठेवतात, पण अंग तिरकं करून एक बाजू बरोबर उन्हाकडे धरतात. एरवी हातभर अंतरावरूनही भुर्र होणारं हे प्रकरण अशा वेळी नाकासमोर बसून राहतं. पंखांवरची पिठासारखी खवलं दिसतात. कधी मागच्या पंखाचा त्रिकोणी लचका गेलेला दिसतो. कुणा पाखराची चोच तिथे बसलेली असते, थोडक्यात वाचलेलं असतं बिचारं.

तारेवर वेडे राघू बसलेले असतात. पिसं फुगवून, एकमेकांना इतके चिकटून की कुणाची शेपटी कुणाची ते कळू नये. कडेच्याला अर्थातच जास्त गारठा लागतो. मग तो उडतो, एक गिरकी घेतो आणि थेट मधोमध येऊन घुसतो. रांगेत जरा ढकलाढकली होते, नवा कडेचा ठरतो आणि पुन्हा सगळे गप्प. त्यांना घाई करून करायचंय काय? खाणं म्हणजे उडत्या माश्या, चतुर, गांधीलमाश्या, आणि ऊन तापेपर्यंत त्यांचाही पत्ता नसतो. नऊ-साडेनऊला पहिली मधमाशी उडाली की रांगेतला एक सुटतो, तिला हवेतच टिपतो, परत तारेवर येतो आणि काटा निघेपर्यंत तिला तारेवर आपटत राहतो. ही आपटाआपटी एकदा तरी दुर्बिणीतून बघावी.

घारीचंही तेच. जमीन तापून गरम हवा वर चढू लागेपर्यंत ती झाडावर बसून असते. उगाच पंख मारत दमायचं कशाला? दहाच्या सुमाराला बघा, एकदाही पंख न हलवता गोल गोल वर चढत जाते.

याला अपवाद इवल्या पाखरांचा. थंडीच्या एका लांब रात्रीत त्यांचं वजन दहाव्या हिश्श्याएवढंही घटू शकतं, तेव्हा उजाडल्याबरोबर पोटामागे धावणं त्यांना भागच असतं. त्यामुळे फोटोसाठी त्यांना या झुडपातून त्या झुडपात पळवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. प्रत्येक उड्डाणाला त्या जिवाला रात्रीची शिल्लक मोडावी लागते.

आणि हिवाळी पाहुण्यांसाठी लांब जायची गरज नसते. शेपटी वरखाली करत पाणथळीत तुरुतुरु चालणारा धोबी किंवा कुंपणावर बसून शेपटी थरथरवणारा थिरथिरा डोंगररांगा ओलांडून आलेला असतो. पाहुण्यांपैकी बरेच जण दर हिवाळ्यात त्याच जागी, कधी कधी त्याच कुंपणावर परततात. म्हणून रोज नवी वाट धुंडाळण्यापेक्षा मला एकच वाट पुन्हा पुन्हा तुडवायला आवडते. चारेक फेऱ्यांनंतर कुठल्या बिळाशी मुंगूस ऊन खात बसतं आणि कुठल्या दगडावर सरडा असतो, ते आपोआप कळायला लागतं.

सुट्टीत पाखरं बघायची ही चाल तशी जुनी आहे. अमेरिकेत एके काळी नाताळच्या दिवशी गट पाडून शिकारीला जायचे, आणि ज्या गटाचा मारलेल्या प्राण्यांचा ढीग मोठा तो जिंकायचा. १९०० साली फ्रँक चॅपमन या पक्षीतज्ज्ञाने सुचवलं, की मारण्यापेक्षा मोजूया. त्या वर्षी नाताळला २७ माणसं २५ ठिकाणी मोजायला बाहेर पडली. ती गणना अजून दरवर्षी होते, आता हजारो माणसं तीत असतात.

मी स्वतः मोजण्याच्या भानगडीत पडत नाही. संध्याकाळी भोरड्यांचा थवा डोक्यावरून गेला की एक जण म्हणतो पाचशे, दुसरा म्हणतो छे, हजाराच्या खाली नाहीत. मग दोघंही माझ्याकडे बघतात. मी "साडेसातशे" म्हणतो आणि चालू लागतो.