श्वासाला जोर लावायचा नसतो

तालमींच्या या कोल्हापुरात जोर-बैठकांचं महत्त्व कुणाला सांगावं लागत नाही. पंचाईत ही, की तोच जोर लोक श्वासालाही लावतात. सकाळी रंकाळ्यावर बघा: झपाझप चालून झालं की लगेच कट्ट्यावर बसून दणादण कपालभाती. ज्याला मुळातच घालमेल होते, उगाच छाती धडधडते, त्याच्यासाठी ही सुरुवात उलटी आहे. भराभर श्वास फेकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, धडधड वाढते. घाबरणाऱ्या माणसाला ही लक्षणं ओळखीची असतात. तो आणखी घाबरतो आणि ‘मला योग सोसत नाही’ म्हणून सोडून देतो.

योगसूत्रांच्या पहिल्या पादात, म्हणजे अध्यायात, पतंजलींनी मन विचलित झाल्याच्या चार खुणा दिल्या आहेत: दुःख, दौर्मनस्य म्हणजे मनाची खिन्नता, अंगाची थरथर आणि विस्कटलेला श्वास-प्रश्वास. यातल्या दुःखाला हुकूम देता येत नाही. श्वासाला मात्र हात घालता येतो, तोही सोडण्याच्या बाजूनं. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, कारण तेव्हा मेंदूतून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस नसेचा हृदयावरचा लगाम आवळला जातो.

म्हणून सुरुवात अशी करा. मांडी घालून ताठ बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्ची चालते. एक हात बेंबीवर. नाकानं ४ मोजेपर्यंत श्वास घ्या, ६ मोजेपर्यंत सोडा. एक आकडा म्हणजे एक सेकंद, म्हणजे मिनिटाला ६ श्वास. रोज ५ मिनिटं पुरे. खांदे उचलले जात असतील तर श्वास वरवरचा चाललाय. पुढचा श्वास हपापल्यासारखा आत येत असेल तर सोडणं ताणलं गेलंय. ३ आणि ४ वर या. पहिल्याच दिवशी ८-१० आकडे गाठायची चढाओढ नको.

रागासाठी भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं, मला जास्त भरवशाची वाटते, कारण गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो, मोजावं लागत नाही. ओठ मिटलेले, दात किंचित सुटे, आवाज खालच्या पट्टीत. कानाच्या भोकापुढची कूर्चा अंगठ्यानं हलकेच दाबा. आत बोट खुपसू नका. ५ ते ७ वेळा. पांढऱ्या रश्श्याचं जेवण झालं असेल तर मध्ये ३-४ तास जाऊ द्यात.

उदास माणसाला थेट शवासनात झोपवू नका. शांततेत त्याचे तेच ते विचार घोळत राहतात. आधी ४ ते ६ संथ सूर्यनमस्कार, मग ५ मिनिटं शवासन, डोळे अर्धे उघडे ठेवले तरी हरकत नाही. रडू आलं तर दाबू नये. कुशीवर वळून सावकाश उठावं. आणि शिकवणाऱ्यानं चारचौघांत कारण विचारू नये.

उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर श्वास रोखणं आणि कपालभाती दोन्ही टाळा. उदासी दोन आठवडे हटली नाही, झोप-भूक गेली, जगणं नको वाटलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. गोळ्या चालू असतील तर बरं वाटतंय म्हणून त्या मनानं बंद करू नका. श्वासाचा सराव गोळ्यांसोबत करता येतो.