आठ मितींतली संत्री

५ जुलै २०२२ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी येथे फील्ड्स पदकांचे, म्हणजे गणितातल्या सर्वांत मानाच्या पदकांचे, वितरण झाले. चार मानकऱ्यांपैकी एक होत्या मारिना व्याझोव्स्का. मी त्या आठवड्यात वाचलेल्या बातम्यांमध्ये त्यांच्याबद्दल दोन गोष्टी ठळकपणे आल्या होत्या : हे पदक मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या महिला आणि त्या युक्रेनच्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि महत्त्वाच्याही आहेत. मात्र त्यांनी नेमके काय सिद्ध केले, हे सांगायला बातमीत एखादेच वाक्य उरले होते आणि त्यात मिती, गोल आणि घनता हे शब्द नुसतेच शेजारी शेजारी ठेवलेले होते. गणिताची आवड असलेला, पण गणिती नसलेला मी पुढचे कित्येक महिने त्या एका वाक्याच्या मागे लागलो. जे हाती लागले ते इथे लिहून ठेवतो आहे, कारण हे काम सामान्य वाचकाला अजिबातच कळू शकणार नाही, असे मला आता वाटत नाही.

सुरुवात फळांच्या हातगाडीपासून करता येते. फळवाला संत्र्यांचा ढीग रचतो तेव्हा खालच्या थरातल्या फळांमध्ये जे खळगे पडतात, त्यांत वरच्या थरातली फळे बसवतो. अशा रचनेत प्रत्येक संत्र्याला बारा संत्री टेकतात आणि जागेचा सुमारे ७४ टक्के भाग भरतो. याहून दाट रचना शक्य नाही, असे केप्लरने १६११ साली हिमकणांच्या सहा कोनांविषयी लिहिलेल्या एका छोट्या पुस्तिकेत म्हटले होते. ते सिद्ध व्हायला जवळपास चार शतके लागली. टॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये सिद्धता जाहीर केली, पण ती शेकडो पानांची होती आणि संगणकाने केलेल्या अवाढव्य आकडेमोडीवर उभी होती. तिची तपासणी करणाऱ्या परीक्षकांचीही पूर्ण खात्री पटेना, तेव्हा हेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची प्रत्येक पायरी संगणकाकडून तर्कशुद्धपणे तपासून घेण्याचे काम हाती घेतले आणि ते २०१४ मध्ये पूर्ण केले.

तीन मितींतला प्रश्न इतका अवघड, तर आठ मितींतला किती अवघड असेल, असे कोणालाही वाटेल. इथेच या विषयाने मला पहिल्यांदा चकित केले. आठ मितींचे अवकाश डोळ्यांपुढे आणता येत नाही, पण त्यातले अंतर मोजता येते, कारण पायथागोरसचा नियम तिथेही तसाच लागू होतो. एक एकक बाजूच्या चौकोनी घरांची जाळी कल्पावी आणि तिच्या बिंदूंपैकी बुद्धिबळाच्या पटावरच्या काळ्या घरांप्रमाणे एकाआड एक बिंदूंवर गोल ठेवावेत. शेजारच्या दोन गोलांच्या केंद्रांमधले अंतर २ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.४१ येते. तीन मितींत हीच फळवाल्याची रचना होय. आता प्रत्येक घराच्या मध्यभागी जी पोकळी राहते, तिच्या केंद्रापासून घराच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर मोजावे. तीन मितींत ते सुमारे ०.८७ भरते, म्हणजे पोकळी लहान असते आणि तिच्यात आणखी एक तसाच गोल मावत नाही. मिती वाढत जातात तशी ही पोकळी मोठी होत जाते आणि बरोबर आठव्या मितीत ते अंतर २ चे वर्गमूळ होते! आठ मितींत त्या पोकळ्यांमध्ये, पुन्हा एकाआड एक, मूळ रचनेइतकीच दुसरी रचना जराही न ढकलता जाऊन बसते. या दुहेरी रचनेला ‘ई-आठ’ म्हणतात. तिच्यात प्रत्येक गोलाला २४० गोल टेकतात. कागदावर ही गणिते स्वतः करून पाहिली त्या संध्याकाळी मला झालेला आनंद मी विसरलेलो नाही.

मात्र एखादी रचना सुंदर आहे म्हणून ती सर्वांत दाट आहे, असे सिद्ध होत नाही. हेन्री कोहन आणि नोम एल्कीज यांनी २००३ मध्ये घनतेवर, म्हणजे गोलांनी भरलेल्या जागेच्या प्रमाणावर, वरून मर्यादा घालण्याची एक पद्धत मांडली. विशिष्ट अटी पाळणारे एखादे फलन (फंक्शन) सापडले, तर त्यावरून कोणतीही रचना अमुक घनतेच्या वर जाऊ शकत नाही, असा निष्कर्ष निघतो. आठ आणि चोवीस मितींत या पद्धतीने आलेल्या मर्यादा ज्ञात रचनांच्या घनतेला इतक्या जवळ आल्या की नेमके जुळणारे फलन कोठेतरी असणारच, याची जाणकारांना खात्री वाटू लागली. ते ‘जादूचे फलन’ म्हणून ओळखले जाऊ लागले, पण तेरा वर्षे कोणालाच सापडले नाही. अडचण अशी होती की अटी त्या फलनावर होत्या, तशाच त्याच्या फूरिए रूपांतरावरही, म्हणजे ते लहरींमध्ये मोडल्यावर मिळणाऱ्या दुसऱ्या फलनावरही, होत्या. एका ठरावीक अंतरापलीकडे फलन शून्याच्या वर जाता कामा नये, त्याचे रूपांतर कोठेही शून्याच्या खाली जाता कामा नये आणि ई-आठमध्ये गोलांच्या केंद्रांमधली जी जी अंतरे येतात, तिथे तिथे दोघांनीही शून्य व्हायला हवे. एकाला आवर घालावा तर दुसरे हातातून सुटते.

व्याझोव्स्का तेव्हा बर्लिनमध्ये संशोधन करीत होत्या. कीव्हमध्ये जन्म आणि शिक्षण, नंतर जर्मनीत कायझर्सलाउटर्न, आणि २०१३ मध्ये बॉन विद्यापीठाची पीएच.डी., असा त्यांचा तोवरचा प्रवास होता. या प्रश्नावर त्यांनी आधी आपल्या मित्रांसोबत विचार केला होता, पुढे मात्र त्या एकट्याच त्याला चिकटून राहिल्या. त्यांनी फलनाचे दोन तुकडे केले : एक रूपांतरानंतर तसाच राहणारा, दुसरा फक्त चिन्ह बदलणारा. प्रत्येक तुकड्यात त्यांनी एक ज्यावर्ग (साइनचा वर्ग) गुणक घातला. हवी ती बहुतेक शून्ये या गुणकातूनच आली आणि उरलेला भाग त्यांनी मॉड्युलर फलनांपासून, म्हणजे विशेष सममिती असलेल्या फलनांपासून, घडवला. १४ मार्च २०१६ रोजी त्यांनी हा लेख प्रसिद्ध केला तेव्हा तो अवघ्या तेवीस पानांचा होता. ई-आठ सर्वांत दाट आहे आणि आठ मितींत जागेचा जास्तीत जास्त २५.३७ टक्के भागच गोलांनी भरता येतो, हे आता निर्विवाद झाले.

त्या तेवीस पानांतले एक सूत्र पाहून मी बराच वेळ थांबलो. त्यात ज्या तीन श्रेणी येतात, त्यांना श्रीनिवास रामानुजन यांनी १९१६ सालच्या आपल्या निबंधात पी, क्यू आणि आर अशी अक्षरे दिली होती. त्यांच्यातले परस्परसंबंधही त्यांनी तिथेच मांडले होते. व्याझोव्स्का यांच्या सूत्राच्या अंशस्थानी पी आणि क्यू यांच्या गुणाकारातून आर वजा करून त्याचा वर्ग केलेला आहे आणि ही वजाबाकी म्हणजे रामानुजन यांच्या त्या संबंधांपैकीच एक होय. बरोबर शंभर वर्षांनी ती अक्षरे गोलांच्या ढिगाऱ्याच्या प्रश्नात कामाला आली. रामानुजन यांचे नाव घेताना आपल्याकडे त्यांच्या गरिबीच्या आणि स्वप्नांच्या कथा फार सांगितल्या जातात. त्यापेक्षा हे असे उपयोग शाळा-महाविद्यालयांतून सांगितले जावेत, असे मला मनापासून वाटते.

आठ मितींच्या लेखाला आठवडा होतो न होतो तोच, कोहन, अभिनव कुमार, स्टीफन मिलर आणि दानिलो राद्चेन्को यांच्यासह व्याझोव्स्का यांनी चोवीस मितींतला प्रश्नही सोडवला. तिथल्या सर्वांत दाट रचनेला लीच जाळी म्हणतात आणि तिच्यात प्रत्येक गोलाला १,९६,५६० गोल टेकतात. चोवीस मितींचा व्यवहारात काय उपयोग, असा प्रश्न मला विचारण्यात आला आहे. लीच जाळी मार्सेल गोले यांच्या नावाच्या ज्या संकेतावरून बांधता येते, तोच संकेत व्हॉयेजर यानांनी गुरू आणि शनी यांची रंगीत छायाचित्रे पृथ्वीकडे धाडताना वापरला होता. वाटेत काही अंक बिघडले तरी मूळ संदेश ओळखता यावा, यासाठी संदेश एकमेकांपासून पुरेसे दूर ठेवावे लागतात आणि हा प्रश्न मुळात गोल रचण्याचाच आहे.

फील्ड्स पदक दर चार वर्षांनी, चाळिशीच्या आतल्या गणितींना दिले जाते. १९३६ पासून २०२२ पर्यंत ते ६४ जणांना मिळाले आणि त्यांत महिला दोनच : २०१४ मध्ये इराणच्या मरियम मिर्झाखानी, ज्या तीनच वर्षांनी कर्करोगाने गेल्या, आणि २०२२ मध्ये व्याझोव्स्का. २०२२ ची गणित परिषद खरे तर रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे भरायची होती. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर ती ऑनलाइन घेण्यात आली आणि पदके हेलसिंकीत देण्यात आली. त्या वेळी व्याझोव्स्का यांनी खार्किवमधील हल्ल्यात मारल्या गेलेल्या युलिया झ्दानोव्स्का या एकवीस वर्षांच्या तरुण गणितज्ञेची आठवण काढली. पदकाच्या मागच्या बाजूला आर्किमिडीजच्या समाधीवरची आकृती कोरलेली आहे : वृत्तचितीत नेमका बसवलेला एक गोल. आर्किमिडीजही आपल्या शहरावर चालून आलेल्या सैन्याकडूनच मारला गेला होता.

चार, पाच, सहा आणि सात या मितींतले उत्तर अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. चार मितींत सर्वांत दाट रचना कोणती असावी, याचा अंदाज सर्वांना आहे. प्रत्येक गोलाला चोवीस गोल टेकणारी ती पटावरचीच एकाआड एक रचना आहे. पण तिथे जादूचे फलन उपयोगी पडत नाही आणि दुसरी वाट अद्याप सापडलेली नाही.