१९२२ची वही : चार चेहरे पुरे, आणि यादीत नसलेला एक

रमाबाईंच्या पांढऱ्या साडीत माझे तीन आठवडे गेले. शाई वाळवायला ठेवलेली पानं आता कुठे वहीत चढली आहेत, म्हणून ही नोंद उशिरा.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. १९२२ या एका वर्षात गेलेल्या बारा माणसांचे चेहरे मी टाक आणि काळ्या शाईने काढते आहे. ए-फोर कागद, त्यावर पेन्सिलीने आखलेले चौकोन, मग शाई. पाण्याचा हात कुठेही फिरवायचा नाही. जी सावली पडेल ती रेघांतूनच पडली पाहिजे. यादी करताना मी फक्त मृत्यूची तारीख बघितली होती आणि त्याच क्रमाने काढते आहे. ५ जानेवारीला दक्षिण जॉर्जिया बेटाजवळ आपल्या जहाजावर गेलेला ध्रुवप्रदेशाचा शोधक अर्नेस्ट शॅकल्टन आधीच झाला होता. त्याची दाट रेघांची कानटोपी तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आवडली, पण खरं सांगायचं तर ते पान सोपं होतं. लोकर काढताना रेघ चुकली तरी खपून जाते.

साडी तशी नाही. पंडिता रमाबाई ५ एप्रिलला केडगावला, निराधार बायकांसाठी त्यांनीच काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये गेल्या. फोटोत त्यांचे केस बारीक कापलेले आहेत आणि अंगावर पांढरं वस्त्र आहे. पांढऱ्या कागदावर पांढरं कापड काढायचं म्हणजे कापडावर रेघच टाकायची नाही, मागची भिंत काळी करत आणायची. पहिल्या प्रयत्नात मी चुण्या दाखवायच्या हौसेने साडीवर इतक्या रेघा मारल्या की ती धुरकट झाली. दुसऱ्या वेळी कागदाने शाई ओढून घेतली आणि खांद्याची कड फुटली. तिसऱ्या वेळी मागे तिरप्या रेघांचे तीन थर दिले, प्रत्येक थर पूर्ण वाळू दिला, आणि चुण्यांसाठी सगळ्या साडीवर मिळून अकरा रेघा. अकराच. त्यांना हात लावायचा मोह अजून होतो.

चेहरा मात्र पहिल्याच फटक्यात आला, कारण तोवर त्या बाईंबरोबर इतके दिवस काढले होते. गंगामूळच्या रानात जन्म, दुष्काळात आईवडील गमावलेले, १८७८मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी दिलेली ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ही बिरुदं. लग्नानंतर दोनच वर्षांत वैधव्य. १८८६मध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या त्या आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ बघायला. १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई म्हणजे पुढच्या बाया कर्वे, महर्षी कर्व्यांच्या पत्नी. हे सगळं एका बाजूला, आणि मला सगळ्यात भिडलेली गोष्ट दुसऱ्या बाजूला: १९२१च्या जुलैत त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली, आणि त्यानंतरही ही बाई हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत चाललेलं बायबलचं भाषांतर हातावेगळं करत राहिली. ते काम पुरं करूनच त्या गेल्या. मुक्तीतल्या बायकांनीच ते छापलं. शेवटच्या वर्षांत रमाबाईंना ऐकूही फारसं येत नव्हतं. डोळ्यांखालची सावली मी बारीक ठिपक्यांनी दिली आहे, रेघांनी नाही. रेघ तिथे फार मोठ्याने बोलली असती.

तीनच दिवसांनी, ८ एप्रिलला, गवई भास्करबुवा बखले. वय ५२.

हे पान माझ्यासाठी सगळ्यात अवघड गेलं, आणि त्याला कारण टाक नाही. माझ्याकडचा छापील फोटो काळवंडलेला आहे, गालाची कड कुठे संपते तेही नीट कळत नाही. असा फोटो असला की मी एरवी त्या माणसाचं काहीतरी ऐकते किंवा वाचते आणि मग हात चालतो. बुवांचं ऐकणार काय? त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडून, म्हणजे ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर-अत्रौली या तीन घराण्यांची विद्या घेतलेला गवई, ज्याने १९११मध्ये पुण्यात भारत गायन समाज उभा केला, त्याचा आवाज आपल्याकडे नाही. त्यांच्याकडे काही काळ शिकलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानातून सूर्यमालेच्या बाहेर निघाली. बुवांचा स्वर फक्त ऐकलेल्यांच्या आठवणींत आणि शिष्यांच्या गळ्यात उरला.

शेवटी मी ‘स्वयंवर’ या संगीत नाटकाची पदं लावली. चाली बुवांच्या, गळा बालगंधर्वांचा. दोन संध्याकाळी नुसतं तेच ऐकत पेन्सिलीने काम केलं. ओठ मिटलेले ठेवले आहेत. गाणं सुरू व्हायच्या आधीचा क्षण, असं मनात धरून. गालाची हरवलेली कड मी फोटोतल्यासारखी हरवलेलीच सोडली, तिथे रेघा विरळ होत कागदात जातात. अंदाजाने कड आखणं मला पटेना.

शाहू महाराज त्या मानाने चार दिवसांत झाले. ६ मे, मुंबई. अवाढव्य देह, भरदार मान, फेटा. इथे जाड निब घेतलं आणि रेघा शरीराच्या गोलाईबरोबर वळवल्या. सरळ रेघांनी त्यांचं वजन येतच नव्हतं. नवशिक्यांनी हे जरूर करून बघा, मोठी माणसं सरळ रेघांत पुठ्ठ्यासारखी दिसतात. १९०२चा ५० टक्के राखीव जागांचा जाहीरनामा, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, १९२०ची माणगाव परिषद, राधानगरीचं धरण, खासबागचं कुस्तीचं मैदान हे तुम्हां सर्वांना माहीत आहे, मी वाढवत नाही. एक गोष्ट मात्र वहीत दोन पानं शेजारी ठेवल्यावर ध्यानात आली: शॅकल्टन आणि शाहू महाराज, दोघांचा जन्म १८७४चा. दोघेही ४७व्या वर्षी गेले. एक बर्फात वाट काढणारा, एक माणसांत.

आता ज्यासाठी ही नोंद लिहायला बसले ते.

बुवांचं पान आणि महाराजांचं पान समोरासमोर आलं तेव्हा मी तारखा पुन्हा मोजल्या. ८ एप्रिल ते ६ मे, अठ्ठावीस दिवस. या दोन्ही पानांना जोडणारा एक माणूस माझ्या यादीत नाही, कारण तो १९२२मध्ये गेला नाही. अल्लादिया खाँसाहेब. कोल्हापूर दरबारचे गायक. महाराज त्यांचे आश्रयदाते आणि भास्करबुवा त्यांचे शिष्य. स्वतः साठीच्या पुढे असताना अठ्ठावीस दिवसांत त्यांनी आपल्याहून लहान असलेली ही दोन्ही माणसं गमावली. महाराजांच्या पश्चात ते कोल्हापूर सोडून मुंबईला आले, आणि १९४६पर्यंत जगले.

बालगंधर्वांचंही तेच. लहानग्या नारायणाला कानाच्या उपचारासाठी मिरजेला धाडणारे शाहू महाराज, आणि पुढे गळ्याला वळण देणारे भास्करबुवा. दोघेही एकाच उन्हाळ्यात गेले.

मी यादी करताना फक्त गेलेल्यांचा विचार केला होता. त्या वर्षी मागे राहिलेला माणूस वहीत असायला हवा हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रमाबाईंना मी या धाग्यात ओढणार नाही. त्यांचं जग वेगळं होतं आणि त्यांचं पान एकटंच शोभतं. पण बुवा आणि महाराज यांच्यामध्ये मी एक जादा पान शिवलं आहे. तेरावा चेहरा, त्यावर मृत्यूची तारीख लिहायची नाही.

पेन्सिलीचे चौकोन काल आखून झाले. साफा आणि मिशा जागेवर बसल्या, डोळे अजून नाहीत. तरुणपणी अति गाऊन खाँसाहेबांचा आवाज गेला होता आणि पुढे त्यातूनच त्यांनी आपली गायकी घडवली, हे ठाऊक असल्यामुळे गळ्याच्या शिरा काढाव्यात की नाही यावर अडले आहे. बारीक निबाने गळा करणाऱ्यांनी सांगावं: उभ्या रेघा आधी टाकता की हनुवटीखालची सावली?

टेलिफोनवाले बेलसाहेब पुढच्या नोंदीत. त्यांच्या दाढीसाठी नवं निब आणलं आहे, पण खाँसाहेब झाल्याशिवाय ते दौतीत बुडवायचं नाही असं ठरवलं आहे.