तुम्ही विचारलंत म्हणून: स्थिरांक खरंच स्थिर असतात का?

नाशिकच्या तारांगणात कार्यक्रम संपला की कुणीतरी गाठतंच: "मॅडम, स्ट्रिंग थिअरी खरी निघाली तर गुरुत्वाकर्षण बदलतं म्हणे. मग पुस्तकातला जी चुकीचा का?"

चुकीचा नाही. पण शंका अगदी योग्य जागी आहे. स्ट्रिंग थिअरीत (कण म्हणजे मुळात कंप पावणाऱ्या अतिसूक्ष्म तारा, असं मानणारा सिद्धांत) जी (गुरुत्वाकर्षणाची ताकद सांगणारा स्थिरांक) किंवा अल्फा (विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणारा आकडा) आधीपासून ठरलेले नसतात. न दिसणाऱ्या जादा मिती कशा गुंडाळल्यात, डायलॅटॉन नावाच्या क्षेत्राचं मूल्य काय, यावर ते ठरतात. विश्व प्रसरण पावताना ही क्षेत्रं सरकली, तर स्थिरांकही सरकणार. बदलता जी ही कल्पना स्ट्रिंग थिअरीहून जुनी: 1937 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक यांनी ती मांडली, पुढे हॉईल आणि आपल्या नारळीकरांनीही तिच्यावर काम केलं.

हे तपासायचं कसं? आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत सोडियमचा दिवा आहे. ग्रेटिंग (बारीक समांतर रेघांची काच) लावून स्पेक्ट्रोमीटरमधून बघताना फोकस नीट जमला, की एक पिवळी रेघ दोन होते: 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर. मुलं ते पाहून हरखतात, आणि हरखायलाच हवं. तरंगलांबीच्या मानाने ती फट किती, हे अल्फाच्या वर्गावर ठरतं. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या क्वेसारच्या (अतिदूरच्या, फार तेजस्वी दीर्घिका-केंद्राच्या) प्रकाशातही वाटेतल्या वायूंच्या अशा जोडरेघा उमटलेल्या असतात. वेगवेगळ्या अणूंच्या अशा रेघा एकमेकींशी ताडून खगोलशास्त्रज्ञ जॉन वेब यांच्या गटाने 2001 मध्ये म्हटलं, की अल्फा पूर्वी लाखात एका भागाच्या आसपास कमी होता. 2004 मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या श्रीआनंद आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीची निरीक्षणं तपासली. त्यांना बदल दिसला नाही. विश्लेषणाच्या पद्धतीवरून दोन्ही गटांत बराच वाद झाला.

जीची परीक्षा चंद्रावर चालते. 1969 पासून तिथे ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर सोडून अंतर मोजतात. जी वर्षाला लाख कोटीत एका भागानेही बदलत नाही, असं त्यातून निघतं. डायलॅटॉनसारखी क्षेत्रं हलकी असतील तर ती प्रत्येक पदार्थावर थोडं वेगळं बल लावतील, म्हणजे वेगवेगळे पदार्थ किंचित वेगळ्या त्वरणाने पडायला हवेत. तेही मायक्रोस्कोप नावाच्या उपग्रहावर टायटॅनियम आणि प्लॅटिनमच्या बाबतीत दिसलं नाही.

म्हणजे क्षेत्रं सरकत असलीच तर फारच हळू, नाहीतर कधीच एका जागी घट्ट बसलीत. ती का बसली, हे स्ट्रिंग थिअरीला सांगावं लागेल, आणि माझ्या मते तिची खरी कसोटी इथेच आहे. आता वेगवेगळ्या अणूंची घड्याळं वर्षानुवर्षं एकमेकांशी ताडून पाहतात. अल्फा हलला, तर त्यांची वेळ जुळणार नाही.