रविवारी काय, कोणीही गाडी घरी ठेवेल

कार-फ्री डे म्हटलं की मला आधी तो सिग्नल आठवतो. रस्त्यावर एक गाडी नाही आणि हा आपला इमानेइतबारे लाल-हिरवा-पिवळा करतोय, आणि खाली झेब्रा क्रॉसिंगवर दोन पोरं फतकल मारून खडूने रेघोट्या ओढतायत. मागून सायकल आली तर तिच्या चेनची किरकिर ऐकू आली मला! रोज आपण किती गोंगाटात राहतो हे तो थांबल्याशिवाय कळतच नाही.

तर मी या प्रकाराच्या बाजूने आहे, आधीच सांगून टाकते. पण रविवारी केला तर ती जत्रा झाली, कारण रविवारी बऱ्याच गाड्या तशाही पार्किंगमध्येच झोपलेल्या असतात. खरी परीक्षा कामाच्या दिवशी. कोलंबियातल्या बोगोटात रविवारी मोठे रस्ते सायकलवाल्यांना मोकळे करायची पद्धत १९७४ पासून आहे, तरी त्यांनी फेब्रुवारी २००० मध्ये चक्क एका गुरुवारी अख्ख्या शहरात खासगी गाड्या बंद ठेवल्या, लोक बस, टॅक्सी, सायकल मिळेल त्याने ऑफिसला गेले, आणि त्याच वर्षी मतदान घेतलं तर लोकांनी हे दरवर्षी पाहिजे म्हणून कौल दिला. नेदरलँड्सनी १९७३ मध्ये रविवारी गाड्या बंद केल्या होत्या, पण ती हौस नव्हती, तेलाची टंचाई होती.

हवेचं म्हणाल तर धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड त्या रस्त्यावर लगेच कमी होतो, तिथे तो बराचसा गाड्यांच्या नळकांड्यातूनच येतो ना. पण पीएम २.५ वाली बारीक धूळ लांबून वाऱ्याबरोबरही येते, ती एका दिवसात कुठे जाणार. म्हणून "आज शहराने शुद्ध श्वास घेतला" वगैरे पोस्ट वाचल्या की मला जरा हसू येतं. शिवाय बंद भागाच्या कडेच्या गल्ल्यांमध्ये ट्रॅफिक असा तुंबतो की तिथे राहणाऱ्यांनी काय पाप केलंय कळत नाही.

आणि ज्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचंय त्याने काय करायचं? प्लंबरने ती अवजारांची जड बॅग सायकलवर कशी न्यायची? अशा लोकांना पास द्यायला हवा, आणि तो आदल्या दिवशी चार खेटे न घालता मिळायला हवा.

पण माझं मुख्य भांडण बसशी आहे. गाड्या बंद करता तर त्या दिवशी बस वाढवा की! आईला घेऊन मी चाळीस मिनिटं स्टॉपवर उभी होते, तिचे गुडघे आधीच दुखरे, आणि शेवटी बस आली ती दाराला माणसं लटकलेली. बॅरिकेडवरच्या स्वयंसेवकाला जाऊन सांगितलं तर तो हसत म्हणतो, "ताई, आज चालायचा दिवस आहे ना!" आईने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने गपचूप आपली खुर्ची पुढे केली.